बायबल घरात नव्हतं, पुराण होतं

‘कॅथलिकांना बायबल वाचायला बंदी होती’ हे वाक्य बेळगावात मी शाळेपासून ऐकत आलोय. सांगणारे बहुतेक मिशनच्या शाळेत शिकलेले, म्हणजे प्रॉटेस्टंट वळणाचे. आणि हेच वाक्य गोव्याकडच्या एखाद्या कॅथलिक स्नेह्यासमोर उच्चारलं की तो चिडायचा. ‘कोण म्हणतो बंदी? दर रविवारी मिस्सेला बायबलच तर वाचतात!’ दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं, पण पूर्ण खरं कुणाचंच नव्हतं. आपण मराठी लोक या भांडणात त्रयस्थ, असं वाटतं खरं. पण या बंदीचा आणि मराठी भाषेचा संबंध फार जवळचा आहे, इतका की ती बंदी नसती तर ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं गेलं असतं का, हाच प्रश्न पडतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. सुरुवातीला बायबल लोकांच्याच भाषेत आणायची धडपड होती. चौथ्या शतकाच्या शेवटी संत जेरोमने हिब्रू आणि ग्रीकवरून लॅटिन भाषांतर केलं, त्याला पुढे ‘व्हल्गेट’ म्हणू लागले. व्हल्गेट म्हणजे सर्वसामान्यांचं, प्रचारातलं. लॅटिन तेव्हा पश्चिम युरोपात बाजारात बोलली जायची. पुढे हजार वर्षांत लोकांची लॅटिन सुटली, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश झाल्या, आणि लोकांसाठी केलेलं पुस्तकच लोकांना परकं झालं. जशी आपल्याकडे प्राकृताची एकेकाळची बोली पुढे पंडितांच्या पोथीत जाऊन बसली, तसंच काहीसं.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लियोंचा एक श्रीमंत व्यापारी, वाल्दो, त्याने पैसे देऊन शुभवर्तमानांचं लोकभाषेत भाषांतर करून घेतलं, संपत्ती वाटून टाकली आणि रस्त्यावर प्रवचनं करू लागला. त्याच्या माणसांनी ११७९ मध्ये रोमला जाऊन पोपला ते भाषांतर दाखवलंसुद्धा. चर्चला पुस्तकापेक्षा जास्त खटकलं ते प्रवचन. दीक्षा नाही, अभ्यास नाही, आणि हा विणकर-चांभारांना घेऊन धर्म सांगणार? ११८४ मध्ये वाल्दोपंथी बहिष्कृत झाले. त्यानंतर ११९९ मध्ये मेत्झ शहरातून पोप तिसऱ्या इनोसंटकडे अशीच तक्रार गेली की बायका-पुरुष शुभवर्तमानं फ्रेंचमध्ये वाचतात आणि गुपचूप जमतात. त्याने दिलेलं उत्तर मला फार बोलकं वाटतं. शास्त्र समजून घ्यायची इच्छा चांगलीच, पण गुप्त बैठका नकोत आणि उपदेशकाचा अधिकार कुणी परस्पर घेऊ नये, असा त्याचा आशय. म्हणजे भीती ग्रंथाची नव्हती, गुरूशिवाय ग्रंथ हाती घेणाऱ्याची होती.

मग १२२९ ची तुलूजची धर्मसभा. दक्षिण फ्रान्समध्ये कॅथर पंथाविरुद्ध वीस वर्षं युद्ध चालून नुकतंच संपलं होतं. त्या सभेने नियम केला की सामान्य माणसाने जुना किंवा नवा करार जवळ बाळगू नये. भक्तीसाठी स्तोत्रसंहिता, प्रार्थनापुस्तक चालेल, पण तेही लोकभाषेत नको. ‘कॅथलिकांना बंदी होती’ म्हणणारे हाच दाखला देतात. दाखला खरा आहे, पण तो एका प्रांताचा आहे, एका धामधुमीचा आहे. कारण पुढे छपाई आल्यावर काय झालं बघा. १४६६ मध्ये स्ट्रासबुर्गला मेंटेलिनने छापील जर्मन बायबल काढलं. ल्यूथरचा नवा करार आला १५२२ ला. त्याच्या आधी उच्च जर्मन आणि नीच जर्मन मिळून अठरा छापील बायबलं निघालेली होती. (हे ‘उच्च-नीच’ म्हणजे डोंगराळ आणि सखल मुलुखाची जर्मन, जातीचा संबंध नाही!) इटालियन बायबल १४७१ मध्ये व्हेनिसला छापलं. ल्यूथरनेच पहिल्यांदा बायबल जर्मनमध्ये आणलं, हा समज म्हणून सोडून द्यावा. त्याने आणलं ते सुंदर जर्मनमध्ये, आणि मूळ ग्रीक-हिब्रूवरून. ते श्रेय मोठंच आहे.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथे विक्लिफच्या अनुयायांनी इंग्रजी बायबल हाताने उतरवून गावोगाव नेलं, तेव्हा १४०९ मध्ये आर्चबिशप अरंडेलने परवानगीशिवाय भाषांतर करायला आणि वाचायला बंदी केली. विक्लिफ मरून गेला होता तरी १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली आणि राख नदीत सोडली. टिंडलने जर्मनीत वर्म्सला १५२६ मध्ये इंग्रजी नवा करार छापला, प्रती कापडाच्या गाठोड्यांतून इंग्लंडात गेल्या. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारलं आणि देह जाळला.

आता इथे प्रॉटेस्टंट मंडळी थांबतात. मी थांबत नाही, कारण पुढची गोष्ट मजेशीर आहे. आठव्या हेन्रीने पोपशी काडीमोड घेतला, १५३९ मध्ये प्रत्येक चर्चमध्ये मोठं इंग्रजी बायबल ठेवायची व्यवस्था केली. चोरीला जाऊ नये म्हणून ते साखळीने बांधलेलं असायचं. (‘कॅथलिकांनी बायबल साखळीने बांधून ठेवलं’ हाही असाच एक गैरसमज. महाग पुस्तक कुणीही बांधूनच ठेवी.) लोक गर्दी करून वाचू लागले, मोठ्याने वाद घालू लागले, आणि चारच वर्षांत राजा घाबरला. १५४३ च्या कायद्याने बायका, कारागीर, शिकाऊ उमेदवार, नोकरचाकर, शेतकरी, मजूर यांना इंग्रजी बायबल वाचायला मनाई झाली. खानदानी बायकांनी वाचावं, पण मनातल्या मनात! ग्लॉस्टरशायरमधल्या एका टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्सने १५४६ मध्ये दुसरंच एक पुस्तक विकत घेतलं आणि त्याच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं की मेंढपाळांना नवा करार वाचायची बंदी झाली तेव्हा हे घेतलं, देव आमचं हे आंधळेपण दूर करो. ती प्रत आजही शिल्लक आहे. पोप गेला म्हणून मेंढपाळाला पुस्तक मिळालं असं नाही.

कॅथलिक चर्चचा खरा, सगळीकडे लागू होणारा नियम आला तो ट्रेंटच्या धर्मसभेनंतर. १५४६ मध्ये त्या सभेने व्हल्गेट अधिकृत ठरवलं. सभा संपल्यावर १५६४ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी निघाली, तिच्यातला चौथा नियम बघा. लोकभाषेतलं बायबल सरसकट सगळ्यांना दिलं तर माणसांच्या उतावळेपणामुळे फायद्यापेक्षा तोटा जास्त, असं अनुभवाने दिसलंय. म्हणून ज्याला वाचायचंय त्याने आपल्या पाद्रीचा किंवा कन्फेसरचा अभिप्राय घ्यावा आणि बिशपची किंवा इन्क्विझिटरची लेखी परवानगी काढावी. परवानगी नसलेल्याला पुस्तक विकलं तर दुकानदाराचे पैसे जप्त, ते बिशपने धर्मकार्याला लावावेत. म्हणजे कागदोपत्री बंदी नाही, परवाना आहे. पण परवाना काढायला इन्क्विझिटरच्या दारात कोण जाणार? शिवाय १५९६ मध्ये रोमने बिशपांचा हा परवाना देण्याचा अधिकारही आवळला. स्पेनमध्ये तर १५५९ च्या यादीनेच लोकभाषेतलं बायबल बंद केलेलं. चर्चची संमती असलेलं पूर्ण स्पॅनिश बायबल छापून निघायला अठराव्या शतकाचा शेवट उजाडला.

आणि पोर्तुगीज? इथे आपण गोव्याजवळ आलो.

पोर्तुगीजमध्ये नवा करार पहिल्यांदा छापला तो १६८१ मध्ये, ॲमस्टरडॅमला, डचांच्या खर्चाने. भाषांतरकार जुआंव फेरैरा द आल्मैदा, जन्माने पोर्तुगीज, पण मलाक्यात प्रॉटेस्टंट झालेला, सिलोन आणि बटाव्हियात पाद्री म्हणून राहिलेला. म्हणजे धर्मभ्रष्टाचं पुस्तक, गोव्यात शिरणं शक्य नाही. कॅथलिक चर्चच्या संमतीचं पोर्तुगीज बायबल आंतोनियु पेरैरा द फिगैरेदुने केलं, त्याचा नवा करार १७७८ पासून छापू लागला. हिशेब करा. गोवा पोर्तुगीजांनी घेतला १५१० मध्ये. म्हणजे अडीचशे वर्षांहून अधिक काळ गोव्यात राज्य करणाऱ्या साहेबालासुद्धा स्वतःच्या भाषेत बायबल घरी ठेवून वाचता येत नव्हतं. मग साष्टीतल्या, बारदेशातल्या नवख्रिस्ती कुळवाड्याला कुठून येणार!

पण त्याला काहीतरी द्यायलाच हवं होतं, कारण त्याच्याकडचं काढून घेतलेलं होतं. देवळं पाडली गेली होती. पोथ्या जप्त होत होत्या, जाळल्या जात होत्या. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. जप्त पोथ्यांपैकी काहींची जेझुइटांनी रोमन लिपीत नक्कल करून ठेवली, त्या रामायण-महाभारताच्या मराठी-कोकणी कथा आज पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. जाळणारे आणि नक्कल करून ठेवणारे एकाच घरचे, हा इतिहासाचा तिरकसपणा.

अशा वेळी साष्टीत थॉमस स्टीफन्स होता. आपल्याकडे फादर स्टीफन्स म्हणून ओळखला जातो तो. विल्टशायरचा इंग्रज, १५७५ मध्ये रोमला जेझुइट झाला, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. तो इंग्लंडातून का निघाला, हे विसरू नका. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडात चर्चाचर्चांतून इंग्रजी बायबल उघडं होतं, आणि कॅथलिक पाद्री मात्र पकडला तर फाशी. बायबल मोकळं आणि माणूस बंदिस्त. त्याच्याच पिढीतल्या परागंदा इंग्रज कॅथलिकांनी फ्रान्समध्ये रीम्सला १५८२ मध्ये इंग्रजी नवा करार काढला. प्रस्तावनेत त्यांनी सांगून टाकलं की लोकभाषेत बायबल असलंच पाहिजे असं आम्ही मानत नाही, पण पाखंड्यांची भाषांतरं सुटलीत, म्हणून हे करावं लागतंय. नाइलाजाने केलेलं चांगलं काम.

गोव्यात तसा नाइलाज नव्हता, कारण प्रॉटेस्टंट नव्हते. मग फादर स्टीफन्सने बायबलचं भाषांतर केलं नाही. पुराण लिहिलं. ग्रंथाच्या आरंभीच तो प्रसंग सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात नवख्रिस्त्यांपैकी एकजण विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं पुराण का देत नाही? मला हा प्रश्न अख्ख्या ग्रंथाचं बीज वाटतो. तो माणूस बायबल मागत नाहीये, त्याला ते मागता येतं हेच माहीत नाही. तो पुराण मागतोय. सवय त्याची आहे: कुणीतरी वाचणार, दहाजण बसून ऐकणार, ओवीचा ठेका धरणार.

१६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, ते छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. भाषा मराठी, अधूनमधून कोकणीची लकब, आणि लिपी रोमन, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी एका इंग्रजाने पोर्तुगीज सत्तेखाली रोमन अक्षरांत छापली, हे वाचताना अजूनही गंमत वाटते. चर्चच्या सगळ्या परवानग्या मिळाल्या, आणि रविवारी, सणाला चर्चमध्ये ते मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं.

म्हणून माझं मत असं, कुणाला पटो न पटो: क्रिस्तपुराण ही बंदीतून काढलेली वाट आहे. लोकभाषेतलं बायबल देता येत नव्हतं, पण बायबलची कथा सांगायला मुभा होती. पाद्रीने निवडलेली, पाद्रीने उलगडलेली, संशयाला जागा न ठेवता सांगितलेली कथा. कॅथलिक चर्चला हेच हवं होतं: ग्रंथ गुरुमुखातून यावा. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पोथी लावून निरूपण ऐकणारा समाज आपला, वेद कुणी वाचावे आणि कुणी ऐकूसुद्धा नयेत याचे नियम करणाराही आपलाच.

पुढे या पुराणावरही पाळी आली. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होरने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. छपाईही थंडावली ती थेट १८२१ पर्यंत. क्रिस्तपुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कुठे सापडलेली नाही. उरलं ते हाताने उतरवलेल्या वह्यांत, तेही मुख्यतः गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कॅथलिक घरांत. तिथूनच जोसेफ सालढाणांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. ज्यांना बायबल वाचायला मिळालं नाही, त्यांनी पुराण दोनशे वर्षं नकलून ठेवलं. वाचायची भूक नव्हती असं कुणी म्हणू नये.

आता मराठी बायबलाकडे येऊ. ते आलं प्रॉटेस्टंटांकडून. श्रीरामपूरला केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी नवा करार केला, १८११ मध्ये छापला. मुंबईत अमेरिकन मिशन १८१३ ला आलं, त्यांचा नवा करार १८२६ चा. त्यांच्या दृष्टीने हे धर्मप्रसाराआधीचं काम होतं, कारण प्रॉटेस्टंट मतात माणूस आणि ग्रंथ यांच्यामध्ये कुणी उभा राहत नाही. ल्यूथर म्हणाला, अधिकार एकट्या शास्त्राचा. कॅथलिक म्हणतात, थांबा, हे शास्त्र कुठली पुस्तकं मिळून होतं ते ठरवलं कुणी? चर्चनेच ना, चौथ्या शतकाच्या शेवटी, हिप्पो आणि कार्थेजच्या सभांत? मग पुस्तकाला मान आणि ते जपणाऱ्या परंपरेला नाही, हे कसं? हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली भेटले, दोघेही शास्त्र मानणारे, पण ‘हे माझे शरीर आहे’ या एवढ्याशा वाक्याच्या अर्थावर त्यांचं जमलं नाही ते नाहीच. कॅथलिक लोक तेव्हापासून म्हणतायत, बघा, सांगितलं नव्हतं?

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. आपल्या बेळगावचे बाबा पदमनजी घ्या. जन्म १८३१, कासार कुटुंब, इथल्याच मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. ‘यमुनापर्यटन’वाले तेच. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात एक तरुण वाचून, वाद घालून, मनाशी झगडून निर्णयाला येतो. पोथी ऐकून नव्हे. पुढे आयुष्यभर ते मराठी ख्रिस्ती पुस्तकांचं संपादन करत राहिले. आणि पंडिता रमाबाई! त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये, अँग्लिकन पंथात. पण तिथल्या सिस्टरशी आणि बिशपांशी त्यांचं पटेना. आपल्याकडच्या भटजींच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घ्यायला नाही, हा त्यांचा सरळ पवित्रा. शेवटी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायकांना, अगदी साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल केलं. १९२२ मध्ये मृत्यूच्या आधी काम संपवलं, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. खिळे जुळवायला, छापायला मुक्ती मिशनच्याच बायका. १५४३ च्या कायद्यातल्या त्या ‘मनातल्या मनात’ची आठवण होते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट राहिली. मिशनची मराठी बायबलं कॅथलिक घरांत का गेली नाहीत? एक कारण रोम. १८२४ मध्ये पोप बाराव्या लिओने आणि १८४४ मध्ये सोळाव्या ग्रेगरीने बायबल सोसायट्यांविरुद्ध कडक पत्रकं काढली होती. दुसरं कारण पुस्तकातच. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. तोबीत, यूदीथ, शहाणपणाचं पुस्तक, सीराख, बारूख आणि मक्काबींची दोन, अशी सात जुन्या करारातून गळतात. ल्यूथरने ती काढून टाकली नव्हती, वेगळी करून मध्ये ठेवली होती. इंग्रजी १६११ च्या बायबलातही ती होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ती न छापायचं ठरवलं आणि मग सोसायटीच्या पैशावर जिथे जिथे भाषांतरं झाली तिथून ती गेली. आता मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या कॅथलिक आजीच्या हातात असं पुस्तक दिलं, की नेमका तिच्या आधाराचाच अध्याय नाही. तिने ते परत केलं तर चूक काय?

रोम हळूहळू सैल झालं. १७५७ मध्येच टिपांसकट, संमतीने निघालेल्या भाषांतरांना मोकळीक मिळाली होती. १८९८ मध्ये तर तेराव्या लिओने रोज पाव तास शुभवर्तमान वाचणाऱ्याला पुण्यफळ जाहीर केलं. ज्या कामाला परवाना लागे त्याला बक्षीस! मग १८ नोव्हेंबर १९६५, दुसऱ्या व्हॅटिकन सभेचं ‘देई व्हेर्बुम’: पवित्र शास्त्र सगळ्या भाविकांना सहज हाती आलं पाहिजे. त्याच सुमारास मिस्सा लॅटिनमधून कोकणीत, मराठीत आली. आमच्या कॅम्पातल्या एक कॅथलिक मावशी सांगायच्या की आईच्या घरी रोझरी होती, संतांची चरित्रं होती, जपाची पुस्तकं होती, बायबल पहिल्यांदा घरी आलं ते त्यांच्या लग्नानंतर. कपाटात वर ठेवलं होतं म्हणे, हार घालून. उघडायचं धाडस नातवंडांनी केलं.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. एका कॅथलिक धर्मगुरूने मराठीत केलेलं बायबल, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. फादर स्टीफन्सनंतर चारशे वर्षांनी.

गोव्याच्या, कारवारच्या, मंगळूरकडच्या मंडळींना एक विनंती. तुमच्या किंवा शेजारच्या ख्रिस्ती घरात रोमन लिपीत हाताने लिहिलेली जुनी ओव्यांची वही असेल, किंवा उपवासाच्या दिवसांत आजीने म्हटलेल्या ओव्या कुणाच्या कानात असतील, तर खाली लिहा. वही असेल तर फोटो टाका, पण आधी घरच्यांना विचारून.